दारुड्यांचं सुधारगृह, मतिमंदांची वसाहत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पोलीस कोर्टांना जेन केकब्रेड हे नाव तोंडपाठ होतं. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातल्याबद्दल या बाईला अडीचशेहून अधिक वेळा शिक्षा झाली होती. तुरुंग, सुटका, दारू, पुन्हा कोर्ट. 1895मध्ये तिला सरे परगण्यातल्या एका आश्रमात ठेवून पाहिलं. तिथेही तिचं जमलं नाही. कोर्टात दारुड्यांसाठी राबणारे मिशनरी थॉमस होम्स यांचं मत होतं की बाईचं मूळ दुखणं बाटलीत नाही, डोक्यात आहे. शेवटी तिची रवानगी क्लेबरीच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली.

1898मध्ये ब्रिटनने कायदाच केला. वर्षभरात चौथ्यांदा दारूच्या गुन्ह्यात सापडलेल्या अट्टल दारुड्याला तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात डांबता येऊ लागलं. पहिलं सुधारगृह निघालं ब्रिस्टलजवळच्या ब्रेंट्रीत, पाद्री हॅरल्ड बर्डन यांच्या पुढाकाराने. अशा सुधारगृहांत भरती झाल्या त्या बहुतेक बायका. मोकळी हवा, अंगमेहनत, प्रार्थना आणि दारू वर्ज्य; एवढ्यावर माणूस ताळ्यावर येईल, असा हिशेब होता.

तो चुकला. सुधारगृहांचे सरकारी तपासनीस ब्रँथवेट यांनी नोंदवलं की इथले साठ टक्क्यांहून अधिक लोक मनाने किंवा बुद्धीने अधू आहेत. हा आकडा जपूनच घ्यावा. बुद्धिमापनाच्या चाचण्या तेव्हा जेमतेम जन्माला येत होत्या, आणि गरीब, निरक्षर, वर उद्धट असलेल्या बाईला अधू ठरवायला फारसा पुरावा लागत नसे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष अधिक घातक ठरला. अशा माणसाला वेगळ्या तऱ्हेने शिकवावं लागेल, असं फारसं कुणी म्हटलं नाही. तीन वर्षं कमी पडतात, असं ठरलं.

1904 ते 1908च्या ज्या शाही आयोगाने मतिमंदांचा प्रश्न तपासला, त्यात बर्डनही होते. त्यातून आलेल्या 1913च्या कायद्याने मतिमंद ठरलेल्या दारुड्याला वसाहतीत ठेवायची मुभा दिली. हुकूम आधी वर्षाचा असे, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येई. खासदार जोसाया वेजवुड यांनी संसदेत रात्री जागवून विरोध केला, पण त्यांच्या बाजूने मूठभरच उरले. 1921पर्यंत दारुड्यांची सुधारगृहं बंद पडली, आणि ब्रेंट्री मतिमंदांची वसाहत झाली.

1959मध्ये 1913चा कायदा गेला, पुढच्या दशकांत वसाहतीही रिकाम्या झाल्या. माणसं गावात राहायला आली. गावात पब होता, आणि एकट्या माणसाला तिथे सोबत मिळत असे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत पिणारे एकंदरीत कमी. पण जे पितात, त्यांना दारू लवकर गोत्यात आणते. अनेकांना फिट्सची औषधं चालू असतात, त्यात दारूची भर. उपचार मागायला जावं तर व्यसनमुक्तीवाले म्हणणार, याला आमचं बोलणं समजत नाही. अक्षमांसाठीची सेवा देणारे म्हणणार, व्यसन आमचं काम नाही.

ही फट बुजवायला नेदरलँड्समध्ये बरंच काम झालं आहे. तिथल्या ‘समआयडी-क्यू’ या मुलाखतीत पिता का, हा प्रश्न शेवटाकडे येतो. आधी बाटल्यांची, सिगारेटची, गांजाची चित्रं दाखवून हे काय आहे, याने काय होतं, तुमच्या ओळखीत कोण घेतं, असं विचारलं जातं. उपचाराच्या बैठका छोट्या असतात, तेच तेच पुन्हा समजावलं जातं, आणि ओळखीचा मदतनीस शेजारी बसतो.