पावसाळ्याची बेगमी



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या गाद्या डोळ्यांसमोर येतात. आज आम्ही आपणांस डहाणू-तलासरीकडील झोपडीतल्या कणगीचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. वाडीतल्या मजुरांच्या सभा घेता घेता, रात्री जागून जे वाचले तीच आमची पुंजी. परंतु माणसाच्या घरात पावसाळ्याची बेगमी किती आहे यावरून तो कितपत स्वतंत्र आहे हे ओळखता येते, एवढे या कामाने आम्हांला शिकवले.

डहाणू रोड स्टेशन सोडून चैत्रात पूर्वेकडच्या पाड्यांवर जावे. पहाटे मोहाच्या झाडाखाली वारली बायका-मुले टोपल्या घेऊन फुले वेचताना दिसतात. हे फूल जाड, मांसल आणि गोड रसाने भरलेले असते; ओले ठेवले तर लवकर आंबते. म्हणून ते सारवलेल्या अंगणात कडक उन्हात पसरतात. रस आटून फूल तांबूस व सुरकुतलेले झाले की कणगीत भरतात. यातले शास्त्र सोपे आहे. अन्न नासवणारे सूक्ष्म जीव पाण्यावाचून वाढत नाहीत; पाणी काढून घेतले की अन्न टिकते. कैरीच्या फोडी वाळवून केलेली आंबोशी ही याच विद्येची बहीण. लोणच्याला तेल-मीठ विकत आणावे लागते, ऊन मात्र फुकट मिळते. म्हणून वाळवण ही गरिबाची खरी विद्या. ही फुले भाजून, उकडून किंवा पिठात मिसळून खातात आणि धान्य संपल्यावर त्यांवर दिवस काढतात.

धान्य संपते ते नेमके आषाढ-श्रावणात. घरात काही नसले की जमीनदाराच्या ओट्यावर जाऊन खावटी मागायची. एक मण भात घ्यायचे, सव्वापट-दीडपट फेडायचे आणि फेडता आले नाही तर राबायचे. लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होऊन बायकोसह सावकाराच्या घरी बांधला जाई. मुंबई सरकारनेच नेमलेल्या सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाअखेर आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. त्यांच्या अहवालात कर्जाची आणि वेठीची ही हकीकत आली आहे. तेव्हा कणगीतली चार टोपल्या फुले म्हणजे नुसते खाणे नव्हते. जितके दिवस ती पुरत तितके दिवस त्या ओट्यावर जाणे टळे.

आता सरकारने काय केले ते पाहा. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने फळे-भाज्या बाटलीत बंद करून, उकळून टिकवण्याची रीत शोधली. सैन्याला टिकाऊ अन्न हवे होते. म्हणून १८१० साली तिथल्या सरकारने त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिले. आमच्याकडे काय झाले? १८७८ च्या अबकारी कायद्याने दारूचा धंदा मक्तेदारांच्या हाती एकवटला. पुढे १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठ्यावर व व्यवहारावर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. कारण उघड आहे. घरी फुले असली की घरी दारू निघेल आणि सरकारचा महसूल बुडेल! मोहाची दारू होते हे आम्ही नाकारीत नाही. दारूने बुडालेली मजुरांची घरे आम्ही पाहिली आहेत. परंतु सरकारचा डोळा दारूबंदीवर नव्हता, दारूच्या उत्पन्नावर होता. त्यासाठी गरिबाच्या अन्नाचा साठा संशयाचा विषय झाला.

पुढे १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांना जागे केले. तलासरीजवळ झरी येथे परिषद भरली. वेठ आणि लग्नगडी पद्धत बंद करण्याचा निर्धार झाला. गवतकापणीसाठी ५०० पौंडांमागे अडीच रुपये दर मागितला गेला. त्याच ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला व जेठ्या गांगड यांच्यासह वारल्यांचे रक्त सांडले. तरी वेठ गेली ती गेलीच. संप किती दिवस टिकेल हे जसे घोषणेवर ठरते, तसेच ते चुलीवरही ठरते. संघटना बांधणाऱ्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही.

स्वराज्य आले, पण मोहफुलांवरचा पहारा उठला नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही त्यांच्यावर बंधने ठेवली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला, आणि २०२१ साली राज्य शासनाने मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरील निर्बंध शिथिल केले. १८९२ पासून मोजले तर या एवढ्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आज आमच्या भागाचे नाव चिकूमुळे गाजते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकू पिकला की थांबत नाही, म्हणून त्याच्याही फोडी वाळवतात, भुकटी करतात, लोणची घालतात. हे चांगले आहे. या धंद्यात बायकांच्या हाताला काम आहे. आमचा प्रश्न एवढाच, की जे हात चिकू तोडतात आणि वाळवतात त्यांच्या घरी आषाढासाठी काय उरते?

सभेला आलेल्या गृहिणी उद्या गच्चीवर पापड, सांडगे, आंबोशी वाळत घालतील. कावळ्यांवर नजर ठेवताना त्यांनी एकदा पाड्यावरच्या त्या अंगणाची आठवण करावी. तिथल्या बाईला कावळ्यांशिवाय आणखी पुष्कळांवर नजर ठेवावी लागली. एवढे ध्यानात राहिले तरी आमचे इथे येणे कारणी लागले असे आम्ही समजू.