ॲमेझॉन नदीचे शोधन व निसर्गेतिहास : स्थाननोंदीचे महत्त्व

प्रस्तावना :
ॲमेझॉन ही जलविसर्गाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी नदी होय. तिच्या शोधाचा इतिहास बहुधा धाडसी प्रवाशांच्या नामावलीच्या रूपाने सांगितला जातो. परंतु नदीचा मार्ग सापडणे आणि नदी समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी नौका पुरते. दुसरीसाठी कोणता जीव नेमका कोठे राहतो, याची नोंद लागते. ही नोंद कोणाच्या ज्ञानावर उभी राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीचे प्रवासी :
इ. स. १५४१ मध्ये सोने व दालचिनी यांच्या शोधार्थ क्विटोहून पूर्वेकडे निघालेल्या मोहिमेतून फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार वेगळा झाला आणि ऑगस्ट १५४२ मध्ये नदीमार्गे अटलांटिक महासागरास पोहोचला. त्याच्यासोबतच्या गास्पार दे कार्वाहाल या धर्मगुरूने काठावरील दाट वस्त्यांचे वर्णन लिहून ठेवले. युरोपातून आलेल्या रोगांनी व गुलामगिरीने पुढे या वस्त्या ओस पडल्या. परिणामी कार्वाहालचे वर्णन दीर्घकाळ अतिशयोक्त मानले गेले. २०२२ मध्ये बोलिव्हियातील व २०२४ मध्ये इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातील लेसर सर्वेक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही स्थळे मुख्य नदीपासून दूर असली, तरी ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशात मोठ्या नियोजित वस्त्या नांदत होत्या, हे त्यांनी सिद्ध केले. १७४३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ला काँदामीन यांनी प्रत्यक्ष खगोलीय निरीक्षणांच्या आधारे नदीचा नकाशा तयार केला. तथापि काठावरील जीवसृष्टीचा पद्धतशीर अभ्यास व्हावयाचा होता.

वॉलेस आणि नदीची सीमा :
मे १८४८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस व हेन्री वॉल्टर बेट्स हे दोन तरुण इंग्रज पारा (आजचे बेलेम) येथे उतरले. दोघेही धनिक नव्हते. गोळा केलेले नमुने लंडनमधील दलालामार्फत विकून ते खर्च भागवीत. वॉलेस यांनी प्रामुख्याने रिओ निग्रो व उआउपेस या नद्यांच्या परिसरात काम केले. मदतीस आलेला त्यांचा धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पारा येथे पीतज्वराने मरण पावला. ऑगस्ट १८५२ मध्ये परतीच्या प्रवासात त्यांचे जहाज भर समुद्रात जळाले. सोबतचे जवळजवळ सर्व नमुने नष्ट झाले. मासे व ताडवृक्ष यांची काही रेखाचित्रे आणि थोडी टिपणे एवढेच वाचले.

तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी ॲमेझॉनच्या माकडांवरील निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत सादर केला. संग्रहालयांतील नमुन्यांवर केवळ 'ब्राझील' किंवा 'ॲमेझॉन' असे स्थळ लिहिलेले असते व ते निरुपयोगी ठरते, ही त्यांची तक्रार होती. ॲमेझॉन, रिओ निग्रो व मदेइरा या नद्यांच्या दोन्ही तीरांवर भिन्न जातींची माकडे आढळतात, हे त्यांचे प्रतिपादन होते. उगमाकडे नद्या अरुंद झाल्या की ही सीमा पुसट होते, हेही त्यांनी सांगितले. विशेष म्हणजे ही गोष्ट स्थानिक शिकाऱ्यांना पूर्णपणे ठाऊक असल्याचे त्यांनी नमूद केले : विशिष्ट जनावर हवे असल्यास शिकारी नदी ओलांडून पलीकडे जातात, कारण तेथे ते अगदी पाण्यालगत सापडते, अलीकडे कधीच नाही. वॉलेस यांनी या ज्ञानास शास्त्रीय प्रश्नाचे रूप दिले. मात्र त्या शिकाऱ्यांची नावे निबंधात नाहीत. मोठ्या नद्यांची ही मर्यादा अनेक माकडांना व पक्ष्यांना लागू पडते, सर्व जीवांना नव्हे, असे पुढील संशोधनातून दिसून आले.

बेट्स आणि एगा :
बेट्स १८५९ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, तेथे राहिले. एगा (आजचे तेफे) या एकाच गावी त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ काढला आणि परिसरातून कीटकांच्या सुमारे ७,००० जाती गोळा केल्या. फुलपाखरांतील अनुकरणावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १८६२ मध्ये छापला गेला. बेचव जातींचे रूप धारण करणाऱ्या निरुपद्रवी जाती पक्ष्यांपासून बचावतात, हे त्यातील सूत्र होते. मूळ जात व अनुकरण करणारी जात एकाच परिसरात उडत असल्याची खात्री झाल्यावाचून हा सिद्धान्त मांडता आला नसता. येथेही स्थाननोंदच निर्णायक ठरली. १८६३ च्या प्रवासग्रंथात त्यांनी नदीतील डॉल्फिनची स्थानिक नावे व त्यांविषयीच्या दंतकथाही नोंदविल्या.

समारोप :
२०२३ च्या अवर्षणात याच तेफेच्या सरोवरातील पाण्याचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि १५० हून अधिक डॉल्फिन मृत्युमुखी पडले. अशा ऱ्हासाचे मोजमाप करताना पूर्वी कोठे काय होते, हे सांगणाऱ्या जुन्या स्थाननोंदींना पर्याय नसतो. कार्वाहालच्या वृत्तान्ताची उपेक्षा झाल्याने इतिहासाचे शतकानुशतके नुकसान झाले. उलट शिकाऱ्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकल्याने शास्त्र पुढे गेले. म्हणून ॲमेझॉनच्या शोधाचा इतिहास लिहिताना नाव नोंदले न गेलेल्या या जाणकारांचा वाटा गृहीत धरणे अपरिहार्य ठरते.