कॅव्हिटी वॅक्स

जुन्या मोटारींच्या चासीतील किंवा बॉडीतील पोकळ भागांना आतून गंजरोधक थर देणारे मेणयुक्त द्रावण. लोखंड गंजण्यास पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात. मेण दोहोंना अडवते. कुर्ल्यात १९६४ पासून बनलेल्या फियाट ११०० डिलाइटला, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीला, स्वतंत्र चासी नाही. पत्र्याच्या बंद पेट्याच भार पेलतात. त्या आतून कुजल्या, तर बाहेरचा रंग व्यर्थ ठरतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोऱ्यासारखे गाव समुद्राच्या खाऱ्या हवेपासून दूर असल्याने तिथे मेण अनावश्यक, असा आक्षेप घेता येईल. परंतु पावसाळ्यात पेटीत शिरलेला चिखल लवकर वाळत नाही. मेण ओल कोंडते, हा आक्षेप ओल्या पत्र्यावर फवारल्यासच खरा ठरतो. म्हणून पोकळी धुऊन, पूर्ण वाळवून, लांब नळीने मेण फवारावे आणि निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत.