दगडाचा पत्ता

खनिजं जमवणाऱ्यांच्या जगात एक जुना नियम आहे. स्फटिक कितीही देखणा असो, तो कुठल्या गावच्या कुठल्या खाणीत सापडला याची चिठ्ठी सोबत नसेल, तर त्याचं निम्मं मोल गेलं. मग तो कपाटातली शोभेची वस्तू म्हणून उरतो, अभ्यासाच्या फारसा कामाचा राहत नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि माझा बराचसा दिवस डेटाबेस सांभाळण्यात जातो, त्यामुळे हा नियम मला लगेच पटला. पुढे लक्षात आलं की माझ्या धाराशिव जिल्ह्याचा बराच इतिहास याच एका चिठ्ठीभोवती फिरतो.

आमच्याकडे विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक घडवले. गारगोटी, अकीक, ॲपोफिलाइट आणि झिओलाइट कुळातली स्टिलबाइट, स्कोलेसाइटसारखी खनिजं ही त्याचीच देणगी. सुरुंगाच्या ढिगाऱ्यात पांढऱ्या गारा चमकताना खेड्यातल्या प्रत्येक पोराने पाहिलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी तो ढिगारा बांधावर जातो किंवा त्याची खडी होते.

याच खडकातले नमुने १९व्या शतकात युरोपातल्या संग्रहांत पोचले. बोरघाटातून १८६३मध्ये रेल्वे सुरू झाली, ती सह्याद्री फोडूनच. त्या कामात निघालेले स्फटिक तिकडे गेले आणि कित्येक जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पूना’ एवढंच लिहिलेलं राहिलं. एका खनिजाला तर ‘पूनाहलाइट’ असं नाव मिळालं होतं. नंतर ते आधीच माहीत असलेलं झिओलाइट निघालं आणि नाव मागे पडलं. याउलट कॅव्हन्साइट हे निळंजर्द खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगातले सर्वोत्तम नमुने निघाले ते वाघोलीच्या दगडखाणींतून. आज कुठल्याही देशातल्या संग्राहकाला वाघोली हे नाव ठाऊक असतं. ‘पूना’ आणि ‘वाघोली’ या दोन शब्दांतला फरक हा नेमक्या नोंदीचा फरक आहे.

पत्ता हरवण्याचं याहून मोठं उदाहरण खुद्द आमच्या जिल्ह्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात दख्खनच्या दोन बाजारपेठा येतात. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि ‘तगर’ तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून भडोचला जात आणि तगरहून कापड. दगड निघत होते ते आपल्याच लाव्ह्यातून. पण तगर कुठे होतं हे पुढे कुणालाच सांगता येईना. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, तरी नगरीचा ठावठिकाणा लागत नव्हता. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं. १९०१मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचं तेर, असं मांडलं आणि तेच मान्य झालं. गोरोबाकाकांचं म्हणून ओळखलं जाणारं गाव हे रोमशी व्यापार करणारं शहर होतं.

तेरमध्ये ते सिद्ध करणारं बरंचसं साहित्य गावातल्याच एका माणसाने जपलं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत आणि आसपास मिळणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंती वस्तू गोळा केल्या. आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की अभ्यासकांना पाँपेईत १९३८मध्ये सापडलेली भारतीय मूर्ती आठवते. थरांचा पुरावा १९५८पासूनच्या उत्खननांनी दिला. पण लामतुरे यांनी आधी वस्तू गावाबाहेर जाऊ दिल्या नाहीत, म्हणून ‘सापडलं कुठे?’ या प्रश्नाला ‘तेर’ हे उत्तर तरी पक्कं राहिलं.

दगडाची नोंद हा केवळ छंदाचा मामला नाही, हे १९९३ने दाखवलं. माझा जन्म भूकंपानंतरचा. पण सास्तूर, होळी ही नावं आमच्या घरांत अजूनही आवाज खाली करूनच घेतली जातात. ३० सप्टेंबरच्या पहाटे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या पट्ट्यात होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत लाव्हा, मग ८ मीटर गाळाचे खडक आणि त्याखाली अतिप्राचीन पाया. आपण कशावर उभे आहोत याची इतकी नेमकी नोंद इथे झाली ती माणसं गेल्यावर. २००२च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.

त्याच १९९३मध्ये जोलियन राल्फ नावाच्या इंग्रज माणसाने स्वतःपुरता खनिजांचा डेटाबेस लिहायला घेतला होता. २०००मध्ये तो ‘माइंडॅट’ या नावाने इंटरनेटवर खुला झाला. त्याचा कणा म्हणजे खनिज आणि ठिकाण यांची जोडी. ही भर जगभरचे हौशी लोक घालतात आणि जाणकार ती तपासतात. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वर घरबसल्या आपल्या तालुक्याखालचे खडक पाहता येतात. साधनं आता आहेत. त्यांत गावाची भर कुणी घालायची, एवढंच उरतं. दूरच्या तज्ज्ञाला गावोगावच्या विहिरींपर्यंत पोचता येणार नाही. विहीर ज्याच्या शेतात खोदली जाते, तो तिथे रोज उभा असतो.

म्हणून गावी कुणाच्या विहिरीचं काम निघालं की मी एवढंच सांगतो: गार आवडली तर खुशाल उचला, पण कागदाच्या कपट्यावर गाव, गट नंबर, किती फुटांवर लागली आणि तारीख लिहून तिच्यासोबत ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. फ्लीटने तगरच्या शोधात ताम्रपट चाळले. आपल्या दगडासाठी पुढच्या माणसाला तेवढे कष्ट पडायला नकोत.