चेंडू न दिसलेले प्रेक्षक

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट यांच्यात आयएफए शील्डचा अंतिम सामना झाला. त्या दिवशी जमलेल्यांपैकी कितीतरी जणांना चेंडू दिसलाच नाही. गर्दीचा अंदाज साठ ते ऐंशी हजारांचा सांगितला जातो, आणि मैदानाभोवती एवढ्या लोकांना सामावून घेणारी व्यवस्था नव्हती. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं जादा आगगाड्यांनी आणि स्टीमरने आली होती. काही झाडांवर चढली, काहींनी उभं राहायला लाकडी खोकी विकत घेतली. मागे राहिलेल्यांना गोलसंख्या कळवायला आकाशात पतंग चढवले गेले. मोहन बागानच्या अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. आधी गोऱ्यांनी गोल केला, मग शेवटच्या काही मिनिटांत शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी सामना २-१ असा फिरवला. इंग्रजांनी केलेली बंगालची फाळणी तेव्हा अजून रद्द झालेली नव्हती. लष्कराच्या संघाला अनवाणी पोरांनी हरवलं, ही बातमी पतंगाच्या दोरीवरून मागच्या रांगांपर्यंत उतरली, तेव्हा लोकांनी अंगातले सदरे काढून हवेत फिरवले.

भारतीय फुटबॉलचा हा सर्वांत गाजलेला विजय. पण त्याचा खरा वारसा पुढच्या शंभर वर्षांच्या प्रेक्षकांनी चालवला, आणि त्यांची गोष्ट खेळाडूंच्या गोष्टीइतकीच मोलाची आहे.

कोलकात्याचं ‘मैदान’ म्हणजे फोर्ट विल्यमभोवतीची मोकळी जमीन, आणि ती लष्कराच्या ताब्यातली. तिथे पक्कं बांधकाम करायची मुभा नसल्यामुळे मोठमोठ्या क्लबांची कार्यालयंसुद्धा ‘टेंट’ म्हणूनच ओळखली जातात, आणि प्रेक्षकांसाठी लाकडी फळ्यांच्या गॅलऱ्या उभ्या राहिल्या. पावसाळ्यात लीग सुरू झाली की तिकिटांच्या रांगा घोडेस्वार पोलीस सांभाळत. ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे नसत, ते किल्ल्याकडच्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे ‘रॅम्पार्ट’वर उभे राहत. दोन आरसे बसवलेला घरगुती पेरिस्कोप डोळ्याला लावून पुढच्यांच्या डोक्यांवरून खेळ पाहणारेही होते. आकाशवाणीवर अजय बसूंचं बंगाली समालोचन सुरू झाल्यावर तर गॅलरीपासून मैलोगणती दूर बसलेला माणूसही प्रेक्षक झाला. ही सगळी धडपड पाहिली की जाणवतं, इथे सामना बघणं ही आयती मिळणारी गोष्ट नव्हती. ती प्रत्येकाने आपल्या हिकमतीने मिळवलेली होती.

१ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये तो मोहन बागानशी पहिल्यांदा भिडला आणि नेपाल चक्रवर्तींच्या एकमेव गोलवर जिंकला. पुढच्या दशकात मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षं लीग जिंकून साऱ्या शहराला चकित केलं. तरीही बागान-ईस्ट बंगाल या जोडीला जी धार आली, ती १९४७ नंतर. पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेले लाखो निर्वासित शहराच्या कडेच्या वसाहतींत राहू लागले. हातात काही उरलं नव्हतं, गावाचं नाव बोलण्यापुरतंच राहिलं होतं. अशा माणसाला ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी झेंडा हे आपल्या मुलखाचं शेवटचं चिन्ह वाटलं, यात नवल नाही. जुन्या रहिवाशांचा, म्हणजे ‘घोटीं’चा, मोहन बागान आणि पूर्वेकडून आलेल्या ‘बांगालां’चा ईस्ट बंगाल ही विभागणी कधीच काटेकोर नव्हती. पण बाजारात ती अजून दिसते. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा माशाचा भाव चढतो, बागान जिंकला की कोळंबीचा.

मुंबईकरांनी हे दोन्ही संघ कूपरेजवर रोव्हर्स कपच्या सामन्यांत पाहिले. तिथे चांगला खेळ पाहायला मिळाला. घराघरांतून आलेली चुरस मात्र कोलकात्याच्याच गॅलरीत होती.

त्या चुरशीची किंमतही मोजावी लागली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर लीगचा सामना होता. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून बसलेले. मैदानातल्या धसमुसळ्या खेळाचे पडसाद वर उमटले, मारामारी झाली, आणि बाहेर पडण्याच्या चेंगराचेंगरीत १६ जण मेले. खेळ पाहायला घरून निघालेली ही माणसं होती. त्यांच्या मरणाचा दोष नुसत्या ‘वेड्या गर्दी’वर ढकलणं अन्यायाचं आहे. हजारो माणसं कुठे बसवायची, कुठून बाहेर काढायची, हा विचार तोवर कोणी नीट केलेलाच नव्हता. आजही १६ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात रक्तदान शिबिर भरतं.

१९८४ मध्ये सॉल्ट लेकचं भव्य स्टेडियम खुलं झालं. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला तिथे १,३१,७८१ प्रेक्षक होते. आधीचे कित्येक दिवस बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी यांच्यात वर्तमानपत्रांतून शाब्दिक चकमकी झडत होत्या. दत्तांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेची भारी चर्चा होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ ने बाजी मारली. एवढी गर्दी आता त्या स्टेडियममध्ये होणं शक्य नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी बाकांच्या जागी स्वतंत्र खुर्च्या बसल्या आणि क्षमता जवळपास निम्मी झाली. सुरक्षिततेसाठी ते योग्यच झालं.

२०२० मध्ये दोन्ही क्लब इंडियन सुपर लीगमध्ये आले. त्या लीगमधली त्यांची पहिली लढत २७ नोव्हेंबरला झाली ती गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर. कोविडमुळे स्टँड पूर्ण रिकामे होते. बागान २-० ने जिंकला. पासेस, गोल, पंचांची शिट्टी, सगळं नियमाप्रमाणे पार पडलं, तरी टीव्हीसमोर बसलेल्या कोलकात्याला ही आपली डर्बी वाटणं कठीण होतं.

याच्या अगदी उलट घडलं ते १८ ऑगस्ट २०२४ रोजी. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरील बलात्कार आणि हत्येने शहर संतापलं होतं. सुरक्षेचं कारण देऊन ड्युरँड कपमधली डर्बी रद्द करण्यात आली. सामना नव्हता, तरीही पाठीराखे सॉल्ट लेकच्या दारापाशी आले. बागानचे हिरवे-तांबूस झेंडे, ईस्ट बंगालचे लाल-सोनेरी, सोबत मोहम्मडनचे समर्थकही. एका क्लबची जर्सी घातलेल्याने दुसऱ्या क्लबच्या पाठीराख्याला खांद्यावर घेतलं. न्याय हवा, या एकाच मागणीच्या घोषणा सगळे मिळून देत होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काहींना ताब्यात घेतलं, आणि बाकीचे तरीही तिथेच थांबून राहिले.