मागच्या सीटचा बेल्ट
परवा बदलापूरहून उल्हासनगरला लग्नाला निघालो. मागे बसलेल्या मावशींना म्हटलं, बेल्ट लावा. तर म्हणाल्या, "अरे, मागे कशाला? इथंच तर जायचंय!"

आठवतंय का बघा. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्हा, चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

गाडी थांबते, पण आतलं शरीर त्याच वेगात पुढं जातं. व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणलेला तीन टोकांचा पट्टा हा दणका छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. एअरबॅग त्याच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नाही.

मागच्या बेल्टचा नियम आधीही होताच. मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांना सक्तीची घोषणा केली ती मात्र या अपघातानंतर, १ नोव्हेंबर २०२२ पासून. म्हणजे नियम जुना, जाग आली मृत्यूनंतर.

मावशींनी शेवटी लावला. तुमच्या गाडीतला मागचा बेल्ट सीट कव्हरखाली दबलाय का? आजच बाहेर काढा.