परवचा, झोप आणि चंचल मूल

मांडवीहून एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "रात्री तेराचा पाढा घडाघडा म्हणतो, सकाळी विचारलं की पाटी कोरी. पट्टी हातात घेतली तरी आठवत नाही," ही तक्रार. मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधान कमी आणि चंचलता जास्त.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती. पाढे, श्लोक म्हणायचे, जेवायचे आणि झोपायचे. (दिव्याचे तेल वाचवणे हाही हेतू असेल!) १९२४ मध्ये अमेरिकेत जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली. पाठांतरानंतर जागे राहण्यापेक्षा झोपल्यावर जास्त आठवते, असे दिसले. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो, विशेषतः गाढ झोपेत.

मग या मुलाचे कुठे अडते? जर्मनीत कील येथील संशोधकांनी २०११ मध्ये मुलांना संध्याकाळी चित्रे दाखवली आणि सकाळी ओळखायला लावली. इतर मुलांना झोपेचा जितका फायदा झाला, तितका एडीएचडीच्या मुलांना झाला नाही. गंमत म्हणजे त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात हाताच्या हालचालींचे कौशल्य मात्र या मुलांचे झोपेनंतर सुधारले. मुले थोडीच होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण सकाळचा विसर म्हणजे आळस किंवा नाटक नव्हे, एवढे नक्की म्हणता येते.

१९८० च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत 'झोपेत फार हालचाल' हे या विकाराचे एक लक्षण होते. १९८७ च्या आवृत्तीत ते वगळले. माझ्या मते तेव्हापासून आम्ही डॉक्टर रात्रीबद्दल विचारायला थोडे विसरलोच. खरे तर १८८९ मध्येच विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनी नाक-घशातला अडथळा आणि मुलांचे अभ्यासात मागे पडणे यांचा संबंध लिहून ठेवला होता. श्वास अडला की झोप पुन्हा पुन्हा मोडते, आणि अशा झोपेनंतर दिवसा लक्ष लागत नाही.

त्या आईंना विचारले, "रात्री घोरतो का हो?"

"घोरतो तर! तोंड उघडंच असतं. पण त्याचे बाबाही घोरतात, म्हणून बोलले नाही."

कान-नाक-घसा तज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली. पट्टी तूर्त दप्तरातच राहू दे म्हटले.